सालीखालचं

मी गाव सोडलं ते चिकूच्या टेम्पोतून. राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवरून केडगावपर्यंत क्रेटांशेजारी बसून गेले, तिथून पुण्याची गाडी, पुढे विमान. निघेपर्यंत आप्पा, म्हणजे माझे वडील, झाडाखालीच होते. फळावरची तपकिरी भुकटी अंगठ्याने पुसायची, नखाने हलकी रेघ ओढायची. खाली हिरवं दिसलं तर कच्चं, पिवळट दिसलं तर तोडायचं. मला म्हणाले, "तिकडं लई शानपना करू नको. येळंवर जेवत जा."

नेदरलँड्समध्ये आता सात वर्षं झाली. इथल्या लॅबमध्ये मी सफरचंदाच्या सालीवर काम करते. गावाकडचे हसतात, "साल सोलायला येवढ्या लांब?" हसू देत. सालीवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो बनवायला लावणारं एक जनुक असतं. ते गप्प बसलं की थराला बारीक भेगा पडतात. मग दुसरं जनुक जागं होतं आणि फळ खालून खरखरीत, बुचासारखी साल धरतं. दुकानदार असली सफरचंदं बाजूला काढतात. मला मात्र ती चिकूच्या जातभाईंसारखी वाटतात.

पहिल्याच वर्षी ग्रीनहाऊसमधल्या नंबर लावलेल्या फळावर मी सवयीने नख ओढलं. त्या रेघेवर खपली धरली आणि ते फळ प्रयोगातून बाद झालं. "हे कुणी केलं?" प्रोफेसरांनी विचारलं. "मीच," मी म्हणाले. आप्पा गेल्यापासून हे पुन्हा होतं. अंगठा आपोआप फळाकडे जातो, आणि तो माझा वाटत नाही. मी हात खिशात घालते. खरं सांगते, भीती वाटते.

ते गेले त्या आठवड्यात ग्रीनहाऊसमधली फळं नेमकी हव्या त्या अवस्थेत होती. आईचा फोन आला, "त्येंना बरं न्हाई. येऊन जा." मी म्हटलं, चार दिवस दे, आत्ता सालीचे नमुने काढले नाहीत तर वर्ष वाया जाईल. तिसऱ्या दिवशी ते गेले. नमुने अजून फ्रीजरमध्ये आहेत, वर माझ्या अक्षरात तारीख. तो कप्पा मी दुसऱ्या कुणाला तरी उघडायला सांगते.

दहाव्याला पोचले. आईने पुढ्यात ताट ठेवलं, एवढंच. पुढच्या वर्षी गेले तेव्हा ती गोणपाटाने चिकू घासत बसली होती. शेजारी बसून मी तिला माझं काम सांगितलं: वरची साल फाटते, मग खाली जाड साल येते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आदी फाटावं लागतं," ती म्हणाली.

मग मी विचारलंच, "माझ्यावर राग आहे का गं?"

"राग न्हाई." हातातला चिकू तिने क्रेटात ठेवला. "पन दर खेपेला त्येच तुला स्टँडवरून आनायचे. आता तू फाटकातनं आलीस की मी तुज्या मागं बघते. गाडी लावून येत्यात का म्हनून. तू येकटीच असतीस. मंग त्ये मला परत गेल्यावानी व्हतं."

मी पुढचा चिकू घासायला घेतला.

माझ्यासारखे जे बाहेर गेले ते विचारतात, घर आठवतं का. आठवतं. पण मी नुसती गेले तरी माझ्या घराला दुखतं. तरीही दिवाळीचं तिकीट काढलं आहे. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ये. बघीन तुज्या मागं."