हातातला अळिवाचा लाडू

लेक केसांसाठी अळीव तुपात भाजतेय. तो खरपूस वास आला आणि मी नेऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत जाऊन पोचले.

लग्नाला वर्षं उलटूनही माझी कूस उजवत नव्हती, म्हणून घरमालकीण मावशी रोज काहीतरी आणायच्या. कधी दुधात उकळलेली शतावरी, कधी भिजवलेले मनुके. त्या सकाळी अळिवाचा लाडू हातावर ठेवून समोरच बसल्या. "खा पोरी, लई बळ येतं कमरंला."

माझी पाळी चुकली होती. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, असं आईनं बजावलेलं. अळीव उष्ण, गर्भ टिकत नाही, हेही तिनंच सांगितलेलं. खाल्ला तर बाळ जाईल, नको म्हटलं तर मावशींना कळेल. तळहाताच्या घामानं लाडू चिकट झाला, तरी मी तो नुसता धरून बसले.

मावशींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लाडू काढून घेतला. "व्हय का? मंग ऱ्हाऊ दे." दार हळूच ओढून त्या गेल्या. सुटले असं वाटलंच नाही. आता हे ठाऊक असलेलं एक माणूस वाढलं होतं.

"आई, एक खाऊन बघ ना," वळलेला लाडू पुढे करत लेक म्हणतेय. तेव्हा पोटात होती तीच ही, समोर धडधाकट उभी आहे, तरी माझा हात पुढे होत नाही.