कोऱ्या कागदांवरच्या सह्या

आईबाप ऊसतोडीला गेले की त्यांची लेकरं आमच्या संस्थेत राहायची. जुनं अनुदान संपत आलं होतं. नवे देणगीदार शोधून देणारा हिंगोलीचा एक जण म्हणाला, "मावशी, दहा ठिकाणी अर्ज टाकू. कोऱ्या लेटरहेडवर सह्या देऊन ठेवा, दर वेळी यायची तकलीफ न्हाई." मी अध्यक्ष, चौथी शिकलेली. दिल्या करून.

दिवाळीनंतर एका देणगीदाराचा माणूस जीप घेऊन आला. "तुमचं कळमनुरीचं वसतिगृह बघायचंय."

तिथं आमचं काहीच नव्हतं. त्यानं अर्ज दाखवला. आमच्याच लेकरांची नावं, खाली माझी सही. हिंगोलीवाल्याचा फोन बंद.

स्वयंपाकीण दारातून म्हणाली, "अध्यक्षबाई, किती भाकरी टाकू?"

"रोजच्याएवढ्याच," मी म्हटलं आणि त्या माणसाला खरं सांगायला बसले. त्यानं वही उघडली.