सोफ्यामागची जागा

जनीन पॉडमोरचं निम्मं आयुष्य टिचक्या मारून कान देण्यात गेलं. इंग्लंडमधल्या स्टोक गावच्या एका चिनी मातीच्या कारखान्यात ती माल निवडायची. भट्टीतून निघालेल्या ताटांच्या चळती तिच्यासमोर यायच्या. ती एकेक ताट उचलायची, बोटाच्या पेराने वाजवायची आणि ऐकायची. धड ताटाचा नाद घंटेसारखा लांबवर जातो. आत केसाएवढी चीर असेल तर तो मधेच बसतो, ओल्या लाकडावर ठोकल्यासारखा. असं ताट हाती आलं की ती ॲप्रनच्या खिशातली लाल मेणाची पेन्सिल काढायची, चिरेवर खूण करायची आणि ताट दुय्यम मालाच्या फळीवर सरकवून द्यायची. चीर डोळ्यांना दिसायच्या आधी तिच्या कानाला कळायची.

दारावरची थापही तिच्या कानाला अशीच आधी कळायची. हा कान तिला कारखान्याने दिला नव्हता, आईने दिला होता.

तिची आई, एडना, मुलांचे बूट, कोट, पांघरुणं सगळं हप्त्यावर घ्यायची. शुक्रवारी संध्याकाळी वसुलीवाला यायचा. ज्या शुक्रवारी हप्ता नसायचा त्या शुक्रवारी एडना टीव्ही बंद करायची, दिवा घालवायची आणि जनीनला व तिच्या भावाला घेऊन सोफ्याच्या मागे बसायची. तिथे धुळीचा आणि गंजक्या स्प्रिंगांचा वास यायचा. एडनाचा तळहात जनीनच्या तोंडावर असायचा. बाहेरून थाप पडायची, मग जरा थांबून पुन्हा एक, हलकी, जणू त्या माणसाला आत कोण कसं बसलंय ते दिसत होतं. मग तो शीळ घालत गल्लीतून निघून जायचा. शीळ विरली तरी एडनाचा हात लगेच निघायचा नाही.

वसुलीवाला मेला, एडनाही गेली, ते घरही पाडलं. ती थाप मात्र कुठे गेली नाही. जनीन भांडी घासत असताना, केस विंचरताना, कधी अगदी हसत असताना तिला ती ऐकू यायची. दार उघडून पाहिलं तर बाहेर कोणी नसायचं.

म्हणून टिली झाली तेव्हा जनीनने मनाशी एकच गोष्ट ठरवली होती. आपल्या मुलीला सोफ्यामागची जागा कशी असते ते कळू द्यायचं नाही.

टिली आठ वर्षांची असताना कारखाना आठवड्यात तीनच दिवस चालू लागला. नवरा त्याआधीच क्रू या गावी दुसऱ्या बाईकडे राहायला गेला होता. मग आधी क्रेडिट कार्डावर किराणा आला, कॅटलॉगमधून टिलीचा शाळेचा कोट आला, कार्डाचा हप्ता भरायला एक छोटं कर्ज आलं आणि त्या कर्जाचा हप्ता भरायला दुसरं. फोन वाजू लागला. सकाळी टिलीचे केस बांधत असताना वाजायचा, तेव्हा जनीनचा हात वेणीत तसाच थांबायचा.

कारखान्यात तिच्या शेजारच्या बाकावर ग्लेनिस बसायची. साठीला टेकलेली, जिभेला धार असलेली. तिने जनीनचा चेहरा पाहिला आणि चहाच्या सुट्टीत तिला कोपऱ्यात घेतलं. स्टोकमध्ये प्रेमाने हाक मारायची ती 'बदके' अशीच.

"बदके, किती जणांचं देणं आहे?"

जनीन कप ढवळत राहिली. ग्लेनिसनेच मग आपलं सांगितलं. तिचा नवरा आजारी पडला तेव्हा तीही अशीच अडकली होती. एक धर्मादाय संस्था आहे, फोन करायचा. ते आपला घरखर्च विचारतात, उरेल तेवढ्याचा एकच हप्ता बांधून देतात आणि सगळ्या सावकारांशी तेच बोलतात. दर महिन्याला एकदा त्यांच्याकडे पैसे भरायचे, वाटून द्यायचं काम त्यांचं.

"आणि त्याचे घेतात किती?"

"एक पेनी नाही."

"मग ते खातात काय?"

"मला काय माहीत? मी काय त्यांची सासू आहे?"

ग्लेनिसने नंबर लिहून दिला. जनीनने तो खिशात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

यात नुसता स्वाभिमान आडवा आला असता तर गोष्ट सोपी होती. पण जनीन ज्या गावात वाढली तिथे लहान मुलालाही ठाऊक असतं की अव्वल मालाला पैसे पडतात, दुय्यम माल कारखान्याच्या दुकानात स्वस्तात जातो आणि फुकट जे मिळतं त्यात कुठेतरी चीर असतेच. जनीनच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची जुनी, चकाकणारी कातडी होती. एडनाला कोणीतरी एक किटली अशीच दिली होती, दिसायला छान, सोनेरी काठाची. चहा ओतताना किटलीचा कान एडनाच्या हातात राहिला आणि किटली पोरीच्या हातावर गेली. तेव्हापासून जनीनला फुकट या शब्दाचा धाक बसला होता. चीर नेमकी कुठे आहे हे कळत नसलं की तो धाक जास्तच वाढायचा.

टीव्हीवर दुसऱ्या एका कंपनीची जाहिरात लागायची. तीही हेच काम करायची, पण पैसे घेऊन. जनीनने त्यांना फोन केला आणि त्यांचा माणूस घरी आला. रसेल नाव, चांगला टाय, हळू बोलणारा. तिने ठेवणीतल्या कपबशा काढल्या. स्टोकचा माणूस चहाच्या आधी बशी उलटी करून कोणत्या कारखान्याचा शिक्का आहे ते बघतो, लग्नाच्या जेवणातही बघतो. रसेलने बघितलं नाही. बाहेरगावचा दिसतो, शिकलेला असेल, असं जनीनला वाटलं. तिनेही त्याला उलटून पाहिलं नाही.

त्याने समजावून सांगितलं. पहिले दोन हप्ते सगळे कंपनीच्या फीचे. त्यानंतर दर महिन्याच्या पैशातून थोडे कंपनीचे, बाकीचे सावकारांचे. जनीनला हे ऐकून बरं वाटलं. जो पैसे घेतो तो बांधील असतो, असं तिला वाटलं. मग तो म्हणाला, "मिसेस पॉडमोर, आता तुम्ही काळजी सोडा. फोन घेऊ नका, दार उघडू नका. कोणी आलंच तर आपोआप जाईल. बोलायचं काम आमचं."

त्या दिवशी कित्येक महिन्यांनी तिला झोप लागली.

मग घर हळूहळू शांत होत गेलं. फोनचा आवाज बंद केला. टीव्ही इतका हळू लावायचा की रस्त्यावर ऐकू जाऊ नये. पुढच्या खोलीचा पडदा दिवसाही ओढलेला. थाप पडली की जनीन हातातलं काम तसंच धरून उभी राहायची आणि पावलं दूर जाईपर्यंत हलायची नाही. याला लपणं म्हणत नाहीत, असं ती स्वतःला बजावायची. लपणं ते आईचं. आपण हप्ता भरतोय, आधी तो बाजूला काढून मग भाजी आणतोय, आणि तज्ज्ञ माणसाने सांगितलं तसं वागतोय. टिलीने एकदाच विचारलं होतं की आपण दार का उघडत नाही. कंपनीने सांगितलंय म्हणून, असं जनीन म्हणाली. पोरीने मान डोलावली आणि पुन्हा विचारलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही याचीच जनीनला नंतर जास्त भीती वाटायची.

नोव्हेंबरातली दुपार होती, बाहेर लवकर अंधारलेलं. जनीन स्वयंपाकघरात ओट्सची धिरडी टाकत होती. टिली पुढच्या खोलीत कार्टून बघत होती, तिचं खुदखुदणं तव्याच्या चर्रर आवाजातूनही ऐकू येत होतं. दारावर थाप पडली.

खुदखुदणं थांबलं. टीव्ही थांबला. मग दिव्याचं बटण बंद केल्याचा टक असा आवाज आला.

जनीन पुढच्या खोलीत आली. तिथे कोणीच नव्हतं. थाप पुन्हा पडली, जरा थांबून, हलकी. खोली उबदार ठेवणाऱ्या गॅसच्या शेगडीच्या निळ्या उजेडात तिला सोफ्याच्या मागून आलेले दोन मोजे दिसले, एकाच्या अंगठ्याला भोक पडलेलं. ती वाकली. टिली गुडघे पोटाशी घेऊन, पाठ भिंतीला लावून बसली होती. स्वतःचाच तळहात तिने स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला होता. डोळे आईकडे लावलेले, आणि दुसऱ्या हाताने आईला खुणावत होती, खाली बस म्हणून.

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. जनीनने तिला आजीबद्दल कधीही काही सांगितलं नव्हतं. धुळीचा, गंजक्या स्प्रिंगांचा वास आला. हा सोफा नवा होता, त्याला स्प्रिंगाच नव्हत्या, तरी वास आला. एडना त्या खोलीत होती. जनीनला आपल्या ओठांवर तिचा हात लागला आणि क्षणभर ती खरंच खाली बसू लागली.

मग धिरडं करपल्याचा वास आला. जनीन उठली आणि जाऊन दार उघडलं.

बाहेर एक पन्नाशीचा माणूस होता. थंडीने नाक लाल झालेलं, गळ्याला हाताने विणलेला मफलर. दार उघडल्याचं बघून तोच जास्त दचकला. कार्डवाल्यांकडून आलो, असं त्याने सांगितलं. जनीन म्हणाली की तुमचे पैसे कंपनीमार्फत महिन्याच्या महिन्याला जातात, तिथे विचारा.

त्याने कागद बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. "बाई, तुम्ही भरत असाल. पण आमच्यापर्यंत यातलं काही आलेलं नाही. मार्चपासून एक पेनीसुद्धा नाही."

"मी आधी तो बाजूला काढते," जनीन म्हणाली. "भाजीच्या आधी."

 त्याची नजर तिच्या मागे सोफ्याकडे गेली, मोज्यांवर थांबली. त्याने मान खाली घातली, मी सोमवारनंतर येईन असं लिहितो म्हणाला आणि निघाला. शीळ घातली नाही.

कंपनीच्या नंबरावर त्या दिवशी नुसतं संगीत वाजत राहिलं. दुसऱ्या दिवशी नंबरच बंद होता. रसेलचं पुढे काय झालं ते तिला कधी कळलं नाही. पैसे गेले ते गेलेच.

सकाळी बाकावर बसल्या बसल्या तिने ग्लेनिसकडे तो नंबर पुन्हा मागितला. पहिला कागद धुण्यात गेला होता. ग्लेनिसने हातातलं ताट खाली ठेवलं. "मी काही बोलत नाही," ती म्हणाली. "बोलले असते तर मात्र बरंच बोलले असते." आणि आपला मोबाइल तिच्यापुढे सरकवला.

फोनवर एक बाई होती, आवाजाने तरुण. तिने घाई केली नाही. भाडं किती, गॅस किती, मुलीच्या शाळेच्या जेवणाचं काय, सगळं विचारलं. टिलीच्या बुटांसाठी दर महिन्याला थोडं बाजूला ठेवायला तिनेच सांगितलं. सगळं झाल्यावर जनीनने ग्लेनिसला विचारला होता तोच प्रश्न विचारला, की तुम्ही खाता काय.

ती बाई हसली. "सावकारच देतात. तुम्ही बुडालात तर त्यांना काहीच मिळत नाही. आमच्यामार्फत थोडं थोडं तरी मिळतं, म्हणून त्यातला वाटा ते आम्हाला देतात. तुमच्याकडून घेण्याचा प्रश्नच नाही."

जनीनने फोन खाली ठेवला. म्हणजे उलटून बघितलं असतं तर खाली शिक्का होता. नुसतं विचारायचं होतं.

फेडायला टिलीचं जवळजवळ सगळं बालपण गेलं. ज्या दिवशी संपलं त्या दिवशी दोघींनी मासे आणि बटाट्याचे काप आणून कागदातच खाल्ले. जनीनने पुढचा पडदा काढूनच टाकला होता, फोन मुद्दाम मोठ्याने वाजू द्यायची, थाप पडली की पळत जाऊन दार उघडायची. टिली हसायची, म्हणायची, आई, पोस्टमनला वाटेल तू त्याच्या प्रेमात आहेस. पण थाप पडताच तिचा हात टीव्हीच्या रिमोटकडे जायचा. ते तिला स्वतःला कळत नसे. जनीनला कळायचं. कर्ज गेलं होतं, आणि जे राहू नये म्हणून सगळं केलं होतं ते पोरीच्या हातात राहिलं होतं.

टिली आता चोवीस वर्षांची आहे. स्टोकच्याच हॅन्ली भागात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. गेल्या रविवारी जनीन न सांगता तिच्याकडे गेली. एडनाच्या जुन्या ताटात धिरडी, वर फडकं. जिना चढताना तिला टिलीच्या टीव्हीतलं हसणं ऐकू येत होतं. तिने दारावर पेराने वाजवलं.

आतलं हसणं थांबलं. टीव्ही थांबला.

जनीन दाराबाहेर उभी राहिली. इतक्या वर्षांत ती अशा न उघडणाऱ्या दाराच्या बाहेरच्या बाजूला कधीच नव्हती. आत कोणी श्वास घेत नव्हतं. तिला पुन्हा वाजवायचा धीर होईना, कारण दुसरी थाप कशी पडेल ते तिला ठाऊक होतं. शेवटी ती दारातल्या पत्रं टाकायच्या फटीपाशी वाकली आणि म्हणाली, "टिली, मी आहे गं."

दार उघडलं. टिली हसत होती, गाल लाल झालेले. "सवय गं आई. लहानपणची. तूच लावलीस."

दाराच्या आतल्या बोळात तीन पार्सलं पडली होती, न उघडलेली. टिलीच्या पायात नवे बूट होते. फोन टेबलावर पालथा ठेवला होता आणि तो दोनदा थरथरला. जनीनने विचारलं, "किती आहे?" टिली म्हणाली, "काय किती?" आणि धिरड्यांवर घालायला चीज किसायला घेतलं. मग दोघी कारखान्याबद्दल, ग्लेनिसच्या गुडघ्याबद्दल बोलल्या. नुसती सवयही असेल. नसेलही. ताट कानाशी धरून वाजवता येतं, मुलीला तसं करता येत नाही.

निघायच्या आधी जनीनने ताट धुतलं आणि कोरडं पुसलं. कोटाच्या खिशात लाल मेणाची पेन्सिल होती, कारखाना सुटला तरी ती सुटली नव्हती. ताट उलटं करून तिने शिक्क्याभोवती तो फोन नंबर लिहिला आणि त्याखाली लिहिलं, 'पैसे घेत नाहीत. का ते विचार, सांगतात.' मग ताट फळीवर ठेवलं आणि राहू दे तुझ्याकडे म्हणाली. स्टोकची मुलगी आहे, आज ना उद्या उलटून बघेल.

ती जिना उतरून खालच्या वळणावर थांबली. वर बराच वेळ काही आवाज नव्हता. मग टीव्ही लागला, अगदी हळू.