थापीचे खळगे

धुळ्यात मी ज्या छोट्या संग्रहालयात काम करते, तिथे दोन कानांचं एक मडकं आहे. तापीकाठच्या शेतात नांगराला लागलेलं. ‘प्राचीन ग्रीक मडके’ अशी पाटी मीच लिहिली होती आणि दुसऱ्या दिवशी ते नव्या दालनात मांडायचं होतं. ग्रीक मडक्यांना असतात तसे दोन कान दिसले आणि मी हुरळले, दुसरं काही नाही.

त्याच दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, डोळे तपासायला जळगावहून आले आणि आधी संग्रहालयातच पोचले. जळगावच्या पिंप्राळ्यात राहायला जाण्याआधी साक्रीकडच्या गावात त्यांनी जन्मभर चाक फिरवलं. मी कुंभाराची लेक आहे हे ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते तसंच राहावं अशी माझी इच्छा होती. त्यांना कधी एकदा बाहेर नेते असं झालं होतं मला. तेवढ्यात, न विचारता, त्यांनी मडक्यात हात घातला.

“आपलं मडकं शे हाई,” ते म्हणाले. “मझार हात घाल, माय. थापी लागेल शे.”

मी चिडूनच हात आत घातला. बोटांना खळगे लागले. आत दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीनं चोपायचं, हे लहानपणी मी रोज पाहिलंय. ग्रीक मडकं चाकावरच पुरं होतं, त्याच्या आत बोटांच्या गोल रेघा असतात, हे पुस्तकात वाचलं होतं. आत हात घालून बघायचं मात्र सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

साहेबांकडे जाऊन म्हटलं, पाटी बदलायला हवी. आबा मागेच उभे होते.

“कोण म्हणतं?” साहेबांनी विचारलं.

‘माझे वडील’ एवढे दोन शब्द. ते मी टाळले.

“एक जाणकार आहेत,” मी म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली आणि पाटी बदलली.

डोळे तपासून झाल्यावर आबांना सोडायला मीही जळगावच्या बसमध्ये बसले. ते खिडकीबाहेर बघत होते. माझं बोलणं यांना लागलंच, असं धरून मी चुळबुळत राहिले. माफी कशी मागावी ते कळेना, आणि स्वतःचा भयंकर राग येत होता.

घरी पोचल्यावर आबांनी चपलाही काढल्या नाहीत. आईला म्हणाले, “आयकं का? पोरनी साहेबले सांगं, मी जाणकार शे.”

त्यांचा चेहरा फुलून आला होता. आई हसली आणि माझ्याकडे वळली.

“आन ‘हाऊ मना बाप शे’, हाई नही सांगं का तू?”

मी पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि माठापाशी तशीच उभी राहिले.