आठवा दिवस कुठून मोजायचा

दादा, आणि ठाण्यात मागे राहिलेले तुम्ही सगळे,

ठाणे स्टेशनावर गाडी येईपर्यंत बाबांनी माझी बॅग हातातून सोडली नाही. तू इस्रायलला, अश्दोदला गेलास तेव्हा त्यांना निदान एवढं समाधान होतं की पोरगा आपल्या यहुदी माणसांत चाललाय. मी चाललो होतो रायपूरला, नव्या राज्याच्या राजधानीत, सरकारी खात्यातल्या बढतीपायी. "प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि तिथे तू एकटा," एवढंच ते म्हणाले. गाडी हलली तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला.

रायपुरात तात्यापारा वस्तीत, घरमालक देशमुखकाकांच्या वरच्या मजल्यावर मी आणि रिबेकाने बिऱ्हाड थाटलं. यहुदी म्हणजे कोण, हे सांगून सांगून तोंड दुखलं. कुणाला आम्ही ख्रिश्चन वाटायचो, कुणाला मुसलमान. ऑफिसात ईदच्याही शुभेच्छा मिळायच्या आणि नाताळच्याही. वरवर हसायचो, आतून चिडायचो. आपण त्या दोघांच्याही आधीचे, हा माज माझ्यात होता, खोटं कशाला बोलू?

मग सप्टेंबरात मुलगा झाला, मंगळवारी. आठव्या दिवशी सुंता व्हायलाच हवी, अब्राहामापासूनचा करार तो. जन्माचा दिवस धरून पुढचा मंगळवार, असं मी बाबांना कळवलं. त्यांनी हजानना, म्हणजे सुंता करणाऱ्या आपल्या धर्मगुरूंना, गाडीत बसवून दिलं. मंगळवारी सकाळी ते उतरायचे होते, ते उतरलेच नाहीत. नऊ वाजता त्यांचा नागपूरहून फोन आला: पुढे रुळांवर पाणी, उद्या सकाळशिवाय पोचत नाही.

मी लगेच ठाण्याला फोन लावला. बाबा फोनवर म्हणाले, "आठवा दिवस टळता कामा नये." रिबेका बाळाला छातीशी धरून बसली होती. देशमुखकाका वर आले. "काहून इतके घाबरून राहिले भाऊ? मुसलमान पोट्ट्यांचं करते तो डॉक्टर हाय ना माह्या ओळखीचा. दहा मिनटाचं काम." मी त्यांच्यावर खेकसलो, आणि दुपारी त्याच डॉक्टरांची चारची वेळ घेतली. हात परका, पण दिवस तरी पाळला जाईल, अशी मनाची समजूत घातली.

तीनच्या सुमाराला समोरच्या हमीदा खाला रिबेकासाठी सुंठीचे लाडू घेऊन आल्या. माझी घालमेल ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "बच्चा मगरिब के पहले हुआ था कि बाद में?" त्याचा इथे काय संबंध, मी विचारलं. "अरे भैया, सूरज डूबा तो दिन बदल गया. हम तो अकीके का सातवाँ दिन ऐसे ही गिनते हैं. तुम्हारे यहाँ नहीं?"

अकीका म्हणजे त्यांच्याकडचा बाळाच्या जावळाचा विधी, आणि दिवस मोजायची रीत आपल्याकडेही तीच, दादा! दर शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी शब्बाथचा दिवा लावणारा मी, आणि पोराचा दिवस मोजला ऑफिसच्या कॅलेंडरवर. तो अंधार पडल्यावर जन्मला असेल तर बुधवारचा, म्हणजे आज सातवाच दिवस. आज सुंता केली तर ती धर्माने चालणार नाही, आणि आधी जन्मला असेल तर आज केलीच पाहिजे. पण वेळ कुणाला आठवत होती? मी तेव्हा औषधांच्या दुकानात उभा होतो. रिबेका म्हणाली, "मला घड्याळ दिसत होतं का तिथे?"

स्कूटर काढून मिशनच्या इस्पितळात गेलो. बाळ ज्यांच्या हातावर जन्मलं त्या सिस्टर टोप्पो भेटल्या, पण रजिस्टर कुलपात आणि किल्लीवाला बाबू जेवायला गेलेला. साडेतीन वाजून गेले. तो आला, तेव्हा कुठे सिस्टरनी घाईचं कारण विचारलं. मी सांगितलं. "आठवाँ दिन? यीशु का भी आठवें दिन ही हुआ था," त्या म्हणाल्या आणि भराभर पानं उलटू लागल्या. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. त्या दिवसांत सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे बाळ बुधवारचं. मी तिथल्या बाकावर बसून हमसाहमशी रडलो.

डॉक्टरांना येत नसल्याचा निरोप पाठवला. बुधवारी हजान आले आणि सगळं यथासांग झालं. सुंतेच्या वेळी आपण एलिया नबींसाठी खुर्ची मोकळी ठेवतो ना, ती खालांच्या घरून आली. "इलियास नबी के लिए?" म्हणत त्यांनी ती स्वतः पुसून दिली. बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मलाही जन्माची वेळ विचारायचं सुचलं नाही रे."

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण ती खरी होणार नाही. तुझ्या तिकडे सायरन वाजतात तेव्हा मी टीव्हीसमोर तुझ्यासाठी जीव मुठीत धरून बसतो, आणि समोरच्या घरात खाला त्याच बातम्या बघत सीमेपलीकडच्या लेकरांसाठी रडतात. तसल्या दिवसांत आम्ही एकमेकांच्या दाराकडे बघत नाही. या खेपेला पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी त्यांनीच कडी वाजवली. "भाई का फोन आया?" मी हो म्हटलं. त्या परत गेल्या. त्यांना काय वाटतंय, हे मी विचारलं नाही.

तू लिहितोस, आता तरी आपल्या माणसांत, घरी ये. नाही येत, दादा. समोर जाऊन खालांना ते विचारायचं अजून राहिलंय, आणि जिथलं असं काही राहून गेलेलं मला झोपू देत नाही, तेच आता माझं घर.