मावशीचा दम

भडगावची माझी मावशी हळदीची गाणी म्हणायची. आसपास कुठेही लग्न निघालं की तिला बोलावणं यायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जळगावात एका संगणक-वर्गात शिकवत होते. एका उन्हाळ्यात तिच्या मधल्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद करून, मी तिची गाणी टेपवर घेतली. मागे झील धरायला शेजारच्या बायका होत्या. घामाने सगळ्या निथळल्या, पण एकीनेही कुरकुर केली नाही.

ती टेप मी धुळ्याच्या एका कॅसेट-व्यापाऱ्याला ऐकवली. आवाज चांगला आहे म्हणाला, पण असा कोरडा माल चालत नाही. आवाज घुमवा, चढवा, खाली ढोलकीचा ठेका टाका आणि मास्टर करून आणा. मास्टर करणं म्हणजे प्रती काढण्याआधी सगळ्या गाण्यांवरून शेवटचा हात फिरवणं, एवढं मला ठाऊक होतं. ठेका मी टाकणार नव्हतेच. बाकीचं करून बघू म्हटलं.

वर्गाच्या संगणकावर दुपारी विद्यार्थी नसत. कुणाकुणाकडून सीडीवर दोन सॉफ्टवेअर मिळवली. एकात सगळं तयार होतं. बटण दाबलं की गाणं चकचकीत. दुसऱ्यात नुसत्या आवाजाच्या वेड्यावाकड्या रेषा. काय कापायचं, काय ठेवायचं, ते आपणच ठरवायचं. डिस्कवर एका वेळी एकच गाणं मावायचं, आणि मधेच वीज गेली की केलेलं सगळं पाण्यात. मी अर्थातच बटणवालं घेतलं. टेपची खरखर गेली, आवाज दणदणीत झाला. खूश होऊन ते कॅसेटवर उतरवलं आणि भडगावला गेले.

मावशीने एक गाणं पूर्ण ऐकलं. मग मला विचारलं, "पोर, हाई बाई कोन शे?"

मला वाटलं ती गंमत करतेय. तिने टेप मागे घ्यायला लावली आणि एका ओळीपाशी थांबवली. "आठे मी दम लेस. तो कोठे गया?"

खरखरीबरोबर सॉफ्टवेअरने तिचा श्वासही पुसला होता. मागच्या बायका तर विहिरीत पडल्यासारख्या वाटत होत्या. मला त्या बटणाचाच राग आला. बाई कशी ऐकू यावी हे तिला कधीही न ऐकलेल्या माणसांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

मग रेषावालं सॉफ्टवेअर उघडलं. विजेची घुंघुं तेवढी कापली. खरखर थोडी राहू दिली, कारण ती काढायला गेलं की श्वास जायचा. एका गाण्याहून दुसऱ्याचा आवाज एकदम मोठा वाटू नये इतपत सगळी सारखी केली. घरच्या डेकवर, मावसभावाच्या ट्रॅक्टरवर, पानाच्या टपरीवर ऐकली. ट्रॅक्टरवर शब्द कळेनात, म्हणून परत बसले. वर्गाचे संचालक म्हणत, इतका वेळ कशाला, बटण आहे ना. मी पुढचं गाणं उघडायचे.

व्यापाऱ्याने ती टेप ऐकून मान हलवली. "ताई, आवाज बारीक आहे. गिऱ्हाईक परत आणून देईल."

"भाऊ, गिऱ्हाइकाच्या टेपला आवाज वाढवायचं बटण असतं," मी म्हटलं, आणि कॅसेट उचलून बसस्टँड गाठलं.

दोन डेक जोडून घरीच प्रती काढल्या. पिंपळनेरच्या एका लग्नात मंडपवाल्याने ती लावली, तर हळदीला बसलेल्या बायका तिच्यावरून स्वतःच गाऊ लागल्या. खाली ठेका नसल्याने त्यांना कुणाच्या मागे पळावं लागलं नाही.

त्या व्यापाऱ्याने पुढे तशीच गाणी दुसऱ्या गायिकेकडून ठेक्यावर म्हणवून घेतली. ती आमच्यापेक्षा कितीतरी जास्त खपली. मावशीने ती कॅसेट मागवून शांतपणे ऐकली, पोरीचा गळा गोड आहे म्हणाली, आणि मला पुढच्या गाण्यांसाठी गोधड्या टांगायला लावल्या.