आत्याने गिळलेले परागाचे दाणे

नातवंडांनो, तुमची धाकटी आत्या पोलीस भरतीसाठी रोज सकाळी तलावाच्या पाळीवर धावते आणि मी घड्याळ धरून बसते. परवा तिने मधमाश्यांनी फुलांवरून गोळा केलेल्या परागाचे दाणे आणले. त्याने म्हणे स्नायूंना बळ येतं आणि धावल्यावर पाय आखडत नाहीत. चमचाभर दाणे गिळून ती निघाली, तेव्हा बरणीवरचा बारीक इंग्रजी मजकूर माझ्या नजरेस पडला. मधमाशीची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे घेऊ नये, असं त्यात होतं. लहानपणी एक माशी चावली, तर हिचे डोळे मिटेपर्यंत तोंड सुजलं होतं.

"अगं थांब, मधमाशीचं तुला सोसायचं नाही ते!" मी ओरडले.

"काहून घाबरून राहिली आई? माशी थोडीच गिळली मी!" म्हणत ती पळालीच.

ती परतेपर्यंत मी पाळीकडेच डोळे लावून बसले. ती धापा टाकत समोर आली, तशी मी तिचे ओठ पाहिले, पापण्या पाहिल्या, मानेवरून हात फिरवला. सूज कुठेच नव्हती.

"ओठ काय पाहून राहिली? टाइम सांग ना!"

टाइम मी पाहिलाच नव्हता. दाण्यांनी ती जोरात धावली की नाही, हे आम्हाला कळलंच नाही. डॉक्टरांना विचारेपर्यंत बरणी माझ्या कपाटात राहील. दुपारपर्यंत मात्र मी तिला नजरेआड होऊ दिलं नाही.